चिंचोक्यांचा डबा

आमच्या बाबांच्या कानाची घाटकोपर पश्चिमेला फार ख्याती होती. इंजिन खडखडतंय, गाडी चढावर दम सोडते, टायमिंग बसत नाही, असं काहीही झालं की लोक गाडी आमच्या बिल्डिंगखाली आणून उभी करायचे आणि बाबा कधी खाली येतात त्याची वाट बघायचे. बाबा लुंगीवरच उतरायचे. बॉनेट उघडून फूटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवायचे, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. गाडीवाला बिचारा श्वास रोखून उभा. मग बाबा डोळे उघडून निकाल द्यायचे आणि तो बरोबर निघायचा. शिक्षण म्हणाल तर सातवी. आधी मिलमध्ये साचेखात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणणारे शेकडो माग एकदम धडधडत असतात तिथे. संपानंतर मिल सुटली, बाबा एका गॅरेजात चिकटले आणि पुढची चाळीस वर्षं लोकांच्या कार्बोरेटरमध्ये डोकं घालून बसले.

त्यांची स्वतःची गाडी एकच. जुनी, चौकोनी, एके काळी मुंबईत टॅक्सी म्हणून जिकडेतिकडे दिसायची त्या जातीची, रंग दुधी भोपळ्याच्या गरासारखा. माझ्या लग्नात हिला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, बाळंतपणाला मला हिनेच नेलं, आणि दोन्ही वेळा ती माझ्यापेक्षा जास्त भाव खाऊन गेली.

गाडी कुणाचीही असो, टायमिंग लावलं की बाबा ती एकदा पाण्याच्या टाकीच्या चढावर नेऊन आणायचे. हा चढ आमच्या बिल्डिंगच्या मागे आहे. तिथे रिक्षावाले भाडं नाकारतात आणि त्यांचं चुकतही नाही. या फेरीला आईला सोबत न्यायचंच, हा नियम. ती भाकऱ्या थापत असो नाहीतर विळीवर बसलेली असो, बाबांनी खालून हाक मारली की पदराला हात पुसत निघायची. पुढच्या सीटवर बसायची, मांडीवर पिशवी, तोंडातून अक्षर नाही. दहा मिनिटांत दोघं परत. बाबा बॉनेट उघडून काहीतरी इकडचं तिकडे करायचे, पुन्हा दोघं चढावर. बिल्डिंगवाले हसायचे. मी कॉलेजात होते तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मैत्रिणींचे आईवडील जोडीने चौपाटीवर जायचे, आमचे जोडीने पिस्टन तपासायला.

आता थोडं इंजिन सांगावं लागेल. जास्त नाही, घाबरू नका. जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं, पिस्टन वर पोचता पोचता ठिणगी पडते, जाळ होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. ही ठिणगी कधी पडायची ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो, आणि बोल्ट सैल केला की तो हाताने फिरवता येतो. ठिणगी जरा आधी पडू दिली की गाडी झकास पळते. फारच आधी पडली, किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडलं, किंवा इंजिन तापलं, की उरलेलं मिश्रण आपल्या मर्जीने एकदम भडकतं आणि पिस्टनच्या टाळक्यात हातोडा बसतो. गॅरेजात याला नॉकिंग म्हणतात. त्याचा आवाज बारीक, किणकिणता असतो आणि तो बहुतेक चढावर, ॲक्सिलरेटर दाबल्यावरच येतो. उभ्या गाडीवर स्क्रूड्रायव्हर लावून तो सापडत नाही. बाबांनी आम्हा भावंडांना लहानपणीच शिकवून ठेवलं होतं की पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवल्यासारखा आवाज आला की समजायचं, इंजिन मरायला लागलं. तसंच दामटत राहिलं तर एक दिवस पिस्टनला भोक पडतं आणि मग गाडी टोचन लावून, दुसऱ्या गाडीमागून ओढत घरी आणावी लागते. लफडं असं आहे की चिंचोके वाजायच्या अगदी उंबरठ्यावर गाडी सगळ्यात चांगली चालते. म्हणून टायमिंग लावायचं म्हणजे चिंचोके वाजेपर्यंत पुढे जायचं आणि मग केसभर मागे यायचं. त्याला चढ लागतो आणि कान लागतो.

गेल्या उन्हाळ्यात आई गेली. गाडी वर्षभर कव्हरखाली झोपून होती. मग आईचं वर्ष गावी करायचं ठरलं आणि बाबांनी जाहीर केलं की ते गाडीने जाणार. भावाने परदेशातून फोनवर मोठेपणा घेतला आणि म्हणाला की ट्रेनची तिकिटं काढतो. बाबांनी फोन माझ्या हातात दिला, कारण फोनवर बोलणं त्यांना कधीच आवडत नसे. ही गाडी आईला दर वर्षी गावी घेऊन जायची, आणि आईच्या कार्याला ती दारात उभी नसली तर गावातले लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. मे महिन्यातलं ऊन, वाटेत घाट, आणि त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा. मी मुलुंडहून दर रविवारी यायचं आणि त्यांच्याबरोबर जायचं, असं माझ्याच गळ्यात पडलं.

पहिल्या रविवारी आले तर बाबा तयारच होते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुन्या कार्बोरेटरला ते पातळ पडतं, म्हणून सगळं नव्याने लावावं लागतंय, असं त्यांनी मला समजावलं आणि आईच्या सीटवर बस म्हणाले. आम्ही चढाला लागलो. बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि चिंचोके वाजायला लागले. थोडेथोडके नाहीत, किलोभर. मला वाटलं, आता थांबतील. बाबा तर खुशीत.

"आता कशी पळता बघ," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. समोरून टँकर येत होता.

"बाबा, पुढे बघा," मी म्हटलं. त्यांनी पुढे बघितलं आणि क्षणात पुन्हा माझ्याकडे. रस्ता सोडून हे माझं थोबाड काय बघतात, मला कळेना. मी खिडकीबाहेर तोंड करून म्हटलं की वाजतंय. उत्तर नाही. मोठ्याने म्हटलं. नाही. ओरडले. फुटपाथवरची मासेवाली दचकली, बाबा मजेत गिअर बदलत होते. मग मी त्यांच्याकडे वळून अगदी हळू म्हटलं, "वाजतंय, बाबा."

"काय वाजता?" त्यांनी लगेच विचारलं.

चढावर टाकीपाशी गाडी उभी राहिली आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट धडाधड पडायला लागली. बापाशी बोलायचं तर समोर उभं राहून, तोंड वर करून बोलायचं, पाठमोरं बोललेलं चालायचं नाही, यावरून आईने आम्हाला लहानपणी किती धपाटे घातले होते. आम्ही त्याला वळण समजत होतो. फोन नको, काय ते घरी येऊन सांग, हे बाबांचं पालुपद. माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांची एकच अट होती, मुलाने मिशा काढाव्यात. हुंडा नाही, मानपान नाही, फक्त मिशा. तेव्हा नवऱ्याच्या मिशा ओठ झाकतील एवढ्या दाट होत्या, आणि त्या गेल्या याचं त्याच्या आईला लग्नापेक्षा जास्त रडू आलं होतं. आणि ती मास्कची दोन वर्षं. सगळ्यांनी तोंडं बांधली आणि बाबा गप्प झाले, कुणाशी बोलेनात, कोपऱ्यात बसून राहायचे. म्हातारपण आलं, मन खचलं, असं आम्ही शहाण्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांना दोन वर्षं आमचं काहीच कळत नव्हतं.

घरी गेले ती भडकूनच. बाबांवर नाही, आईवर. हिला माहीत होतं आणि हिने आम्हाला सांगितलं नाही. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही हा मोठाच अन्याय आहे, म्हणून मी नवऱ्याशी भांडले. त्याने सगळं ऐकून घेतलं, वरच्या ओठावरून बोट फिरवलं आणि म्हणाला की म्हणजे आता ठेवायला हरकत नाही ना. मी त्याला जेवायला वाढलं नाही.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. न सांगावं तर हे भरउन्हात चिंचोके वाजवत घाट चढणार, पिस्टनला भोक पाडणार आणि आईच्या कार्याला रस्त्याकडेला उभे राहणार. सांगावं तर काय सांगायचं? सगळं घाटकोपर ज्या कानाला मान देतं, तो कान कामाचाच नाही? त्या माणसापाशी दुसरं होतं काय?

पुढच्या रविवारी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ते पायरीवर बसून स्पार्क प्लग घासत होते. मी तोंड वर केलं आणि विचारलं, "आई इथे पुढच्या सीटवर बसून काय करायची?"

बाबांनी हातातला प्लग घासून पूर्ण केला, फुंकला, फडक्यावर ठेवला. मला वाटलं, चिडतील.

"आयकाचा काम तुझ्या आवशीचा," ते म्हणाले. "माका कायएक आयकाक येना नाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. साचेखात्यात तीन-चार वर्षांत कान जायचेच, सगळ्यांचेच जायचे, त्याचं कुणाला नवल नव्हतं. तिथे सगळे ओठांनी आणि हातांनी बोलायचे. चार मागांच्या पलीकडून माणूस चहा मागवायचा, शिव्या द्यायचा, पोरीचं लग्न ठरल्याचं सांगायचा, आणि एकही अक्षर ऐकू न येता सगळ्यांना सगळं कळायचं. गॅरेजात लागल्यावर स्क्रूड्रायव्हर हाडाला लावून इंजिनातली धडधड कळते हे त्यांना समजलं. ते सोंग नव्हतं. पण चढावरचा बारीक आवाज काही केल्या कळेना आणि नोकरी जायची वेळ आली. तेव्हा एकदा मालकाची गाडी चढावर घेऊन जाताना आई बरोबर होती. चिंचोके वाजले की तिचे दात आंबायचे. तिने गालावर हात धरला, बाबांनी बघितलं. खाली येऊन टायमिंग केसभर मागे घेतलं, पुन्हा चढले. तिचा हात खाली आला. झालं. पुढची चाळीस वर्षं घाटकोपरातल्या गाड्यांचं टायमिंग माझ्या आईच्या दाढेवर लागलं. दातांसाठी तिने डॅशबोर्डच्या खणात लवंगांची पुडी ठेवलेली असायची, ती मी लहानपणापासून बघत आले होते. तिला लवंगा आवडतात असं मला वाटायचं.

मी विचारलं की या सगळ्यावर तुम्ही दोघं काय बोलायचात.

"कधी बोलूक नाय आमी त्याच्यावर," बाबा म्हणाले, आणि पुढचा प्लग उचलला.

कानाचं मशीन आणून झालं, तेही सांगून टाकते. बाबांनी ते लावलं, कुकरची शिट्टी ऐकली, शेजारचा मिक्सर ऐकला, वरच्या मजल्यावरची सिरियल ऐकली, आणि एवढ्या आवाजात तुम्ही सगळे राहता कसे असं विचारून परत डबीत ठेवलं. गाडीत तर ते नुसतं शिट्ट्या मारायचं. तेव्हा आईचं काम आता मला करायचं होतं, आणि त्याबद्दल मला कुणी विचारलंही नाही.

इथे माझ्या तोंडाने घात केला. आईचं तोंड शांत असायचं, त्यावर एखादी गोष्ट उमटली की ती खरीच असायची. माझ्या तोंडावर मात्र सगळंच उमटतं. बँकेत माझ्या काउंटरसमोर उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा. चढावर एक स्कूटरवाला आडवा आला, मी तोंड वेंगाडलं, बाबा थांबले, उतरले, टायमिंग मागे घेतलं. मोबाइलवर मॅनेजरचा मेसेज आला, रविवारी. माझ्या कपाळाला आठ्या, बाबा उतरले, टायमिंग मागे. मासेवालीच्या पाटीचा वास आला, टायमिंग मागे. दुपारपर्यंत ठिणगी इतकी उशिरा पडायला लागली की इंजिन उकळलं आणि गाडी चढाच्या निम्म्यावर म्हशीसारखी बसली. मागे रिक्षांची रांग, सगळे हॉर्न वाजवतायत. तो त्रास फक्त मला होत होता, बाबांना कसला.

आम्ही तिथेच कडाकडा भांडलो. मी म्हटलं, माझ्या तोंडाकडे बघू नका, रस्त्याकडे बघा. ते म्हणाले, तुझ्या तोंडाकडे नको बघू तर टायमिंग काय तुझ्या सासऱ्याच्या तोंडाकडे बघून लावू. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. मला हसू आलं, त्यावर बाबा पुन्हा पाना घेऊन उतरायला लागले. मी त्यांचा दंड धरून त्यांना बसवलं आणि ठरवून टाकलं की तोंडाचं काही मोजायचं नाही. चिंचोके वाजले तरच मी गालावर हात ठेवेन, नाहीतर हात मांडीवर. आईसारखा.

तिसऱ्या रविवारी काम नीट झालं. बाबांनी कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे ज्यातून पेट्रोल जातं ते पितळी भोक, एक नंबर मोठा घातला, म्हणजे पातळ पेट्रोल जरा सढळ मिळेल. रेडिएटर धुतला. प्लग बदलले. मग डिस्ट्रिब्युटर पुढे सरकवत सरकवत आम्ही चढ चढायला लागलो. पहिल्या फेरीला शांत. दुसरीला शांत, आणि गाडीत जीव आल्यासारखा वाटला. तिसऱ्या फेरीला टाकीच्या वळणावर किणकिण सुरू झाली. मी गालावर हात नेला. बाबांनी तिथेच गाडी थांबवली, बोल्ट सैल केला आणि डिस्ट्रिब्युटर इतका थोडा मागे फिरवला की मला तो हललेला दिसलासुद्धा नाही. पुन्हा खालून चढलो. मी कान टवकारून बसले. इंजिन नुसतं घुमत होतं. माझा हात मांडीवर होता. बाबांनी तो बघितला आणि गाडी घराकडे वळवली. घरी आल्यावर त्यांनी स्वतः चहा केला. तसं त्यांनी माझ्या आठवणीत कधी केलं नव्हतं, आणि चवीवरून ते कळतही होतं.

आईच्या कार्याच्या दोन दिवस आधी आम्ही पहाटे निघालो. नवरा आणि मुलं ट्रेनने पुढे गेली होती, शहाणी. पनवेलपर्यंत बाबा माझ्या हाताकडे बघत होते, मी त्यांना पुढे बघायला सांगत होते, आणि असं करत करत दोन तास गेले. पुढे एका घाटाला आता बोगदा झालाय. बाबांच्या मते बोगदा म्हणजे कॉपी करून पास होणं. ते जुन्या रस्त्याने घाटात शिरले. ऊन चढलं होतं, चढ लांबच लांब, आणि गाडी सुताच्या गुंडीसारखी उलगडत वर जात होती. एक चिंचोका वाजला नाही. मला इतका अभिमान वाटला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायला आई हवी होती.

मी उगाच डॅशबोर्डचा खण उघडला. आत पुडी तशीच होती. वर्तमानपत्राचा कागद, त्याला तिने घातलेली ती विशिष्ट घडी, आत सहा-सात लवंगा. एक उचलून मी दाढेखाली धरली. तिचा वास नाकात गेला आणि मला रडू फुटलं. वर्षभर मी धड रडले नव्हते. मी गालावर हात धरला आणि हुंदके देत बसले.

गाडी थांबली. बाबांनी कठड्याशी बाजूला घेतली होती. उतरून त्यांनी चाकाला दगड लावला, बॉनेट उघडलं आणि हातात पाना घेऊन माझ्या खिडकीशी आले. माझ्या गालावरच्या हाताकडे बघत उभे राहिले.

मी मान हलवली. इंजिन ठीक आहे.

"मग?" त्यांनी विचारलं.

"आई," मी म्हटलं. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले.

बाबांना तेवढं पुरलं. त्यांनी जाऊन बॉनेट बंद केलं, चाकाखालचा दगड पायाने सरकवला, पाना फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवला आणि खिशातला रुमाल काढून माझ्या मांडीवर टाकला. त्याला ग्रीसचा वास येत होता. गाडी सुरू झाली. उरलेला सगळा घाट बाबांनी समोर रस्त्याकडे बघत चढवला, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.